रूळ गेले, पट्टाही गेला

१९२९ ते १९३४ या सहा वर्षांत मुंबई आणि तिच्या आसपासचे तीन रेल्वेमार्ग कायमचे बंद झाले. खंडाळ्याच्या घाटातले रिव्हर्सिंग स्टेशन आणि त्याला जोडलेला जुना मार्ग १९२९ साली सोडून देण्यात आला. ३१ डिसेंबर १९३० रोजी कुलाबा टर्मिनसची रेल्वे संपली. १९३४ साली अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्ब्याला जाणारा, जेमतेम सहा वर्षे चाललेला मार्ग बंद झाला. पहिल्याला नव्या तंत्राने घालवले, दुसऱ्याला जमिनीच्या भावाने, आणि तिसऱ्याचा काळच वाईट निघाला. रूळ निघाल्यावर खालच्या जमिनीच्या सलग पट्ट्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र तिन्ही ठिकाणी बाजूलाच राहिला. एक पट्टा रानात गेला, दुसऱ्यावर वसाहत उभी राहिली, तिसऱ्याचा रस्ता झाला आणि उरलेला भाग शहराने गिळला. रेल्वे बंद होणे पुष्कळदा अटळ असते. पट्टा तुटणे अटळ नसते. तो राखायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्यावरून माणसांना चालू देणे, सायकली जाऊ देणे. हा उपाय जगात इतरत्र उशिरा का होईना सापडला, आपल्याकडे अजून सापडायचा आहे. तो न सापडल्याची किंमत किती पडते, हे या तीन मार्गांच्या इतिहासातून चांगले कळते.

आधी पट्टा म्हणजे काय ते पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्यानंतरच्या सत्तर वर्षांत कंपन्यांनी आणि सरकारने मिळून हजारो मैलांची जमीन घेतली. ही जमीन शेतासारखी चौकोनी नसते. ती लांब, अरुंद आणि न तुटणारी असते, आणि तिचे सारे मोल त्या न तुटण्यात असते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते, म्हणून गाडीला बैलगाडीसारखा उभा चढ चालत नाही. चढ कमी ठेवायचा तर डोंगर फोडायचा, खोलगट जागी भराव घालायचा, ओढ्यावर मोरी बांधायची, वळण सैल घ्यायचे. एवढे केल्यावर जो मार्ग तयार होतो तो त्या मुलखातला सर्वांत सौम्य चढाचा मार्ग असतो. पावसाळ्यात तो पाण्याच्या वर राहतो, आणि पायी चालणाऱ्याला, सायकलवाल्याला, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही झेपतो. रूळ भंगारात विकून थोडे पैसे सुटतात. भराव, मोऱ्या, बोगदे आणि सलग मालकी यांत गुंतलेली पिढ्यांची मेहनत मात्र भंगारात विकता येत नाही. ती फक्त वाया घालवता येते.

ही मेहनत बोरघाटाइतकी दुसरीकडे क्वचितच दिसते. जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांच्या आराखड्याप्रमाणे १८५६ साली घाटाचे काम सुरू झाले. सुमारे पंचवीस किलोमीटरांत १,८३१ फूट चढायचे होते. त्यासाठी २५ बोगदे खणले गेले, मोठे पूल आठ बांधले गेले, आणि सर्वांत कठीण जागी चढ ३७ फुटांना एक फूट ठेवावा लागला. पहिला कंत्राटदार फॅविएल याने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात उतरल्यावर थोड्याच काळात वारला, आणि पुढचे काम त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने नेमलेल्या माणसांकरवी पुरे करवून घेतले. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांनी त्यांतले हजारो जण गेले. १८६३ साली मार्ग खुला झाला. तरीही एका कड्यापाशी वळण घ्यायला जागाच नव्हती. तिथे बर्कले यांनी रिव्हर्सिंग स्टेशन काढले: गाडी आत शिरायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावले जायचे, आणि मघाचा शेवटचा डबा पुढे होऊन गाडी वरच्या मार्गाला लागायची. सहासष्ट वर्षे मुंबई-पुण्याच्या प्रत्येक उतारूने हा उलटसुलट प्रवास केला.

विजेच्या गाड्यांनी तो संपवला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली, आणि १९२९ साली वीज पुण्यापर्यंत पोचली. त्याच काळात घाटात नवे बोगदे खणून रिव्हर्सिंग स्टेशन टाळणारा मार्ग तयार झाला. वेळ वाचला, इंजिन बदलण्याची खटपट गेली. या निर्णयात चूक काढता येणार नाही. प्रश्न मागे उरलेल्या जुन्या मार्गाचा आहे. मजुरांच्या जिवावर खणलेले बोगदे, दगडी कमानी आणि कड्याच्या कुशीतून काढलेली वाट हे सारे एका दिवसात निरुपयोगी ठरले, आणि खंडाळ्यासारख्या थंड हवेच्या गावाजवळ असूनही त्याचा कोणी सार्वजनिक उपयोग योजला नाही. अमृतांजन पुलाच्या परिसरात या जुन्या मार्गाच्या खुणा होत्या. २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे त्याच परिसरातून गेला, आणि १८३० सालचा तो पूलही एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीची संधी साधून पाडण्यात आला. देशाच्या रेल्वे-इतिहासातले एवढे मोठे काम आज मुख्यतः हौशी भटक्यांच्या आणि रेल्वेवेड्यांच्या आठवणीत उरले आहे. ज्या घाटातून रोज हजारो मोटारी जातात, तिथे पायी फिरायला आखलेली वाट नाही.

कुलाब्याची गोष्ट शहराच्या मध्यात घडली, म्हणून तिच्यात पैशाचा आवाज मोठा आहे. १८६० च्या दशकात कापसाच्या तेजीत समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या आणि तेजी ओसरताच बुडाल्या. बॅकबेच्या फसलेल्या भरणीतून चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंत एक अरुंद पट्टी हाती आली होती. ती बीबीसीआय रेल्वेला मिळाली, आणि १८७३ पासून गाड्या कुलाब्यापर्यंत जाऊ लागल्या. पश्चिमेला उघडा समुद्र, पूर्वेला ओव्हल आणि कूपरेजची मैदाने, आणि मधून रूळ. १८९६ साली कुलाब्याला प्रशस्त टर्मिनस झाले. कापसाच्या गाठी तिथे उतरत, कारण कापसाचा बाजारही तिथेच भरत असे. ही रेल्वे त्या काळच्या मुंबईची गरज होती. पण तिने शहर आणि समुद्र यांच्यामध्ये कुंपणही घातले होते. रूळ ओलांडल्याशिवाय किनारा गाठता येत नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॅकबे पुन्हा बुजवायचे ठरवले, आणि १९२० साली स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटकडे ते काम आले. नियोजन ११४५ एकरांचे होते, हाती आले त्याच्या निम्म्याहूनही कमी. वीर नरिमन यांनी या योजनेतली उधळपट्टी जाहीरपणे चव्हाट्यावर आणली. पण योजना अर्धवट राहिली तरी तिने रेल्वेचा निकाल लावला. नव्या जमिनीला भाव यायचा तर ती शहराला चिकटलेली हवी होती, आणि मध्ये रेल्वे आडवी होती. कापसाचा बाजार शिवडीला हलल्याने कुलाब्याचा मालही कमी झाला होता. १८ डिसेंबर १९३० रोजी मुंबई सेंट्रल सुरू झाले, आणि वर्षाच्या अखेरीस कुलाब्याची गाडी संपली. टर्मिनसच्या जागी पुढे बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत झाली, बाकीची पट्टी इमारती आणि रस्त्यांमध्ये विरघळली. मैलाहून अधिक लांब, सपाट, समुद्राच्या जुन्या काठाने जाणारी एक सार्वजनिक मालकीची पट्टी शहराच्या सर्वांत दाट भागात मोकळी झाली होती. ती चालण्याच्या वाटेसाठी राखली असती, तर चर्चगेटला उतरून कफ परेडला कामाला जाणाऱ्यांना इतकी वर्षे टॅक्सीच्या रांगेत किंवा बसच्या गर्दीत उभे राहावे लागले नसते.

तिसरा मार्ग सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे, आणि या लेखाच्या दृष्टीने तोच सर्वांत बोलका आहे. १९२० च्या दशकात मुंबई सरकारला साष्टीत उपनगरे वसवायची होती. चेंबूर, ट्रॉम्बे, खार, अंधेरी या भागांत भूखंड पाडले जात होते. तोपर्यंत साष्टीतल्या रेल्वे दक्षिणोत्तर होत्या: पश्चिमेला बीबीसीआय, पूर्वेला जीआयपी. दोन्हींना आडवे जोडणारे काही नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी १९२८ साली ट्रॉम्ब्याहून कुर्ल्यामार्गे अंधेरीला जाणारी सुमारे तेरा किलोमीटरची रेल्वे सुरू झाली. तिला सेंट्रल साल्सेट ट्रामवे असेही म्हणत, आणि ती चालवायची जबाबदारी जीआयपीकडे होती. योजना दूरदृष्टीची होती, वेळ चुकली. वर्षभरातच जागतिक मंदी आली. उपनगरातले भूखंड पडून राहिले. मुंबईत १९२६ पासून बस धावू लागली होती, आणि मोटारी रेल्वेचे उतारू पळवतात, या तक्रारीची चौकशी करण्यासाठी १९३० च्या दशकाच्या आरंभी भारत सरकारला मिचेल आणि कर्कनेस यांची समिती नेमावी लागली. ज्या उपनगरांसाठी मार्ग घातला ती वसायच्या आतच, १९३४ साली, मार्ग बंद झाला.

त्याचा एक तुकडा आजही पायाखाली आहे. कुर्ल्याच्या पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गापासून कलिन्याकडे जाणारा रस्ता सीएसटी रोड म्हणून ओळखला जातो. त्यातल्या तीन अक्षरांचा छत्रपती शिवाजी टर्मिनसशी काही संबंध नाही. ती सेंट्रल साल्सेट ट्रामवेची आहेत. मोटारींचे सुटे भाग, काचा, सीटकव्हर आणि जुन्या गाड्यांची दुकाने या रस्त्याला लागून आहेत. गॅरेजची अर्धी कामे बाहेर चालतात, आणि चालणाऱ्याला पार्क केलेल्या गाड्या आणि वाहत्या गाड्या यांच्या मधून वाट काढावी लागते. पुढे मिठी नदीवरचा पूल लागतो, मग कलिना आणि विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल. अर्थात पट्ट्याचा रस्ता होणे हेही तो तगण्याचेच एक रूप आहे, आणि तिन्ही मार्गांत हा एकच अंशतः तगला, तोही रस्ता म्हणून वापरात राहिला म्हणूनच. बाकीचा तगला नाही. कलिना आणि अंधेरी यांच्या मधल्या पठारावर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विमानतळ झाला आणि पुढे वाढत गेला. कुर्ल्याहून अंधेरीला सरळ जाण्याची संधी तिथेच संपली.

याची किंमत मोजता येते. पूर्व आणि पश्चिम उपनगरे जोडण्यासाठी सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडची योजना आली, जागतिक बँकेचे कर्ज मिळाले आणि २००३ साली काम सुरू झाले. जेमतेम साडेसहा किलोमीटरचा हा रस्ता पुरा व्हायला अकरा वर्षे लागली. कुर्ल्याला रेल्वे ओलांडण्यासाठी दुमजली पूल बांधावा लागला, आणि वाटेतल्या हजारो कुटुंबांना हलवावे लागले. रस्ता खुला झाला २०१४ साली. त्याच वर्षी जूनमध्ये अंधेरीमार्गे जाणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. म्हणजे १९३४ साली जी पूर्व-पश्चिम जोडणी मुंबईने सोडली, ती परत मिळवायला तिला बरोबर ऐंशी वर्षे लागली. जुना पट्टा राखला असता तर लिंक रोड किंवा मेट्रो लागलीच नसती, असा दावा कोणी करू नये. दोन्हींचा मार्ग वेगळा आहे. पण १९७० किंवा १९९० साली नियोजकांच्या हाती अंधेरी ते ट्रॉम्बे सरकारी मालकीची सलग पट्टी असती, तर चर्चा घरे पाडण्यापासून सुरू न होता रूळ घालण्यापासून सुरू झाली असती.

याउलट उदाहरणही त्याच कुर्ल्यात आहे, आणि ते नवी मुंबईच्या अगदी जिव्हाळ्याचे आहे. शहराचा कचरा चेंबूर-देवनारच्या दलदलीकडे नेण्यासाठी कुर्ल्याहून एक फाटा घातला गेला होता. हे त्या रेल्वेचे कोणाला मिरवावेसे वाटेल असे काम नव्हते. पण कचऱ्याच्या गाड्या जात राहिल्या, म्हणून रूळ राहिले. रूळ राहिले, म्हणून १९२४ साली त्यावर प्रवासी गाड्या सुरू करता आल्या. पुढे मार्ग मानखुर्दपर्यंत गेला, आणि ९ मे १९९२ रोजी त्याच मार्गाला जोडून खाडीवरून वाशीला पहिली लोकल आली. त्या विस्ताराचा दोन-तृतीयांश खर्च सिडकोने उचलला होता. आज वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेलहून मुंबईला थेट जाणारी प्रत्येक लोकल त्या कचऱ्याच्या फाट्यावरून जाते. अंधेरीचा उमदा मार्ग बंद पडला म्हणून संपला, चेंबूरचा गचाळ फाटा वापरात राहिला म्हणून एका नव्या शहराची जीवनवाहिनी झाला. पट्टा जिवंत ठेवायला मोठा उपयोग लागत नाही. कसलातरी सततचा उपयोग पुरतो, आणि चालणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपयोग आहे.

जगाने हे तोटा सोसून ओळखले. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैलांचे मार्ग बंद झाले आणि जमिनी तुकड्यांनी विकल्या गेल्या. एडिंबरोहून कार्लाइलला जाणारा वेव्हर्ली मार्ग १९६९ साली बंद झाला. २०१५ साली त्याचा सुमारे ३० मैलांचा उत्तर भाग पुन्हा सुरू करताना मधल्या काळात पट्ट्यावर आलेल्या घरांतून आणि रस्त्यांतून नव्याने वाट काढावी लागली. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अडीच लाख मैलांचे जाळे होते, नंतर ते आकसत गेले. १९६३ साली मे थाइलगार्ड वॉट्स या निसर्गअभ्यासक बाईंनी शिकागोच्या वृत्तपत्रात पत्र लिहून एका बंद पडलेल्या विद्युत रेल्वेच्या पट्ट्यावर पायवाट करा, अशी मागणी केली. तिथे इलिनॉय प्रेअरी पाथ झाला. विस्कॉन्सिनमध्ये एलरॉय ते स्पार्टा ही ३२ मैलांची वाट तीन जुन्या बोगद्यांतून काढली गेली. १९८३ साली अमेरिकी संसदेने कायद्यात असा बदल केला की बंद होणारा मार्ग तात्पुरत्या पायवाटेसाठी दिला, तर तो कायमचा सोडला असे धरले जाणार नाही, आणि उद्या गरज पडली तर रेल्वे परत येऊ शकेल. न्यूयॉर्कची हाय लाइन ही उंचावरची मालवाहू रेल्वे आपला साष्टीतला मार्ग बंद झाला त्याच १९३४ साली सुरू झाली. तिच्यावरची शेवटची गाडी १९८० साली गेली, आणि २००९ साली तिथे उद्यान झाले.

यावर पहिला आक्षेप असा की ही मागून सुचलेली अक्कल आहे. १९३४ च्या अधिकाऱ्याला २०१४ ची मुंबई कशी दिसणार? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच व्यक्तींना दोष देण्यात अर्थ नाही. पण पट्टा राखायला भविष्य दिसावे लागत नाही. भविष्य दिसत नाही, हेच राखण्याचे कारण आहे. तुकडे एकदा विकले की परत जोडता येत नाहीत, सलग ठेवले तर नंतर कधीही विकता येतात. दुसरा आक्षेप हिशेबाचा आहे: रेल्वे तोट्यात असते, जमीन विकून किंवा भाड्याने देऊन पैसे उभे करणे तिचे कर्तव्य आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीतून त्यासाठीच रेल्वे जमीन विकास प्राधिकरण झाले. स्टेशनालगतच्या रुंद भूखंडांना हे लागू आहे. पण पंचवीस-तीस मीटर रुंद आणि दहा-वीस किलोमीटर लांब पट्टीचा भाव तुकड्यांत फार येत नाही. तिची खरी किंमत सलगतेत असते, आणि ती किंमत बाजारात दिसत नाही, कारण ती विकत घेऊ शकणारा ग्राहक एकच असतो: उद्याचे सरकार.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आपल्या शहरात मोकळी पट्टी मोकळी राहत नाही. तिथे गरिबांची घरे होतात. मग पायवाटेचे नाव घेऊन त्यांनाच उठवायचे का? याचे उत्तर टाळता येत नाही, कारण मुंबईत हे घडले आहे. तानसाच्या जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंची वस्ती उच्च न्यायालयाच्या आदेशाने हटवण्यात आली, आणि मोकळ्या झालेल्या पट्टीत महापालिकेने सुमारे ३९ किलोमीटरच्या सायकल ट्रॅकची योजना जाहीर केली. हटवलेली हजारो कुटुंबे माहुलला पाठवली गेली. तिथल्या तेल आणि रसायनांच्या कारखान्यांमुळे हवा आरोग्याला घातक असल्याचे निरीक्षण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ सालीच नोंदवले होते. लोकांनी विद्याविहारला रस्त्याकडेला महिनोन् महिने आंदोलन केले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आणखी कोणालाही माहुलला पाठवू नये, घर देता येत नसेल तर भाडे द्यावे, असा आदेश दिला. माहुल ट्रॉम्ब्याच्या कुशीतच आहे, जिथे तो जुना मार्ग संपत होता. या प्रकरणातून पायवाटा वाईट असतात असा निष्कर्ष निघत नाही. पट्टा पहिल्या दिवसापासून वापरात ठेवला तर वस्ती होत नाही, उठवावी लागत नाही; वीस-तीस वर्षे दुर्लक्ष करून मग सौंदर्यीकरणाला निघालो तर भरपाई गरीबच करतात. पायवाट रेल्वे बंद झाल्याच्या वर्षी आखायची असते.

चौथा आक्षेप मालकीचा. रेल्वेसाठी घेतलेली जमीन रेल्वे संपल्यावर मूळ मालकाला परत का नको? अमेरिकेत हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. व्हर्मांटच्या प्रिझो कुटुंबाच्या खटल्यात १९९० साली न्यायालयाने १९८३ चा कायदा वैध ठरवला, पण जमीनमालकाला भरपाई मागण्याची वाट मोकळी ठेवली, आणि पुढे त्या कुटुंबाचा भरपाईचा हक्क मान्यही झाला. आपल्याकडे १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ताब्यात आलेली जमीन पूर्णपणे सरकारजमा झाली, आणि मूळ हेतू संपला म्हणून ती आपोआप परत जात नाही. कायद्याच्या दृष्टीने म्हणजे पट्टा राखणे इथे अमेरिकेपेक्षा सोपे आहे. नीतीच्या दृष्टीने मात्र ते सोपे नाही, हे नवी मुंबईइतके कोणाला ठाऊक असणार? ९५ गावांची जमीन घेऊन हे शहर उभे राहिले, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक मरण पावले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्याने साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पदरात पाडले. ज्या आगरी-कोळी गावांनी सार्वजनिक कामासाठी जमीन दिली, तिथली पट्टी उद्या काम संपल्यावर बिल्डरला जावी की गावाच्या पोरांच्या सायकलींना मिळावी? गावकऱ्यांच्या बाजूने विचार केला तर पायवाट हाच मूळ हेतूशी जास्त इमान राखणारा पर्याय आहे.

नवी मुंबईत अजून कुठलाही प्रवासी रेल्वेमार्ग बंद पडलेला नाही. बंद व्हायच्या ऐवजी इथे मार्ग वाढत आहेत, उरणपर्यंतची गाडी जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पण जुन्या वाटा मागे पडायची सुरुवात इथेही झाली आहे. १९७३ साली खुला झालेला पहिला ठाणे खाडी पूल हा त्याचा नमुना. त्याच पुलाने नवी मुंबई शक्य केली. १९९७ साली शेजारी दुसरा पूल झाला आणि मुख्य वाहतूक तिकडे गेली. खाली खाडी आहे, जिचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. या पुलाच्या तब्येतीविषयी शंका जुन्या आहेत, त्यामुळे तो लोकांसाठी खुला करा असे म्हणण्याआधी स्वतंत्र तपासणी हवी, आणि तपासणीत तो नापास झाला तर विषय संपला. पण पास झाला, तर मानखुर्द ते वाशी चालत किंवा सायकलवर जाण्याची सोय जवळपास बांधून तयार आहे. निदान हा प्रश्न विचारला जावा, आणि पाडायचे की राखायचे हा निर्णय कारणांसकट लोकांपुढे यावा. १९३० साली कुलाब्याच्या वाट्याला तेवढेही आले नव्हते.

राज्याच्या पातळीवर याची सर्वांत मोठी परीक्षा विदर्भात आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळला ११३ किलोमीटर आणि अचलपूरला ७६ किलोमीटर जाणारी शकुंतला ही नॅरोगेज गाडी किलिक निक्सनच्या काळात वऱ्हाडातला कापूस बाहेर काढण्यासाठी सुरू झाली, आणि स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली, अलीकडच्या वर्षांत ती टप्प्याटप्प्याने थांबली. अचलपूरच्या लोकांनी गाडी परत मिळावी म्हणून आंदोलने केली, आणि त्यांची मागणी ब्रॉडगेज गाडीची आहे, पायवाटेची नाही. त्यांच्यापुढे सायकल ट्रॅकचे चित्र नाचवणे हा अन्याय होईल. पण पट्टा राखण्याचा कायदा असता तर त्यांना दोन्हींत निवड करावी लागली नसती. गाडी येईपर्यंत पट्टीवर शाळेची मुले, सायकली आणि शेतकरी यांची ये-जा राहिली असती, अतिक्रमण झाले नसते, आणि गाडी आल्यावर जमीन तयार असती. म्हणून मागणी छोटी आणि नेमकी असावी. रेल्वेमार्ग, खाडीपूल, कालवा किंवा जलवाहिनी, जे काही बंद करायचे असेल, त्याच्या बंद करण्याच्या आदेशातच तीन गोष्टी लिहिणे सक्तीचे व्हावे: पट्टी कोणाच्या नावे सलग राहील, मधल्या काळात तिच्यावरून लोक कसे जातील, आणि कोणत्या गरजेसाठी ती परत घेता येईल. १९३४ साली असा एक कागद असता, तर अंधेरी ते ट्रॉम्बे मार्गाची आठवण ठेवायला तीन अक्षरांचा रस्ता लागला नसता. मार्गच राहिला असता.